शेठला मारू की ठेवू?

वाचकाचा प्रश्न

नागपूरच्या एका ताईंचं पत्र आहे. त्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर दस्तलेखनाचं काम करतात आणि रात्री रहस्यकथा लिहितात. त्यांची नायिका भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेली भूकरमापक, म्हणजे जमिनीची मोजणी करणारी आहे. मालिकेचे ५ भाग ई-पुस्तक आणि ऑडिओ अशा दोन्ही रूपांत आले आहेत. तिसरा सोडून बाकी सगळ्या भागांत खलनायक एकच, एकच प्लॉट चौघांना विकणारा ले-आउटवाला. सहाव्या भागाचं काम अडलं आहे. संपादक म्हणतात, तो हवाच, वाचक त्याच्यासाठीच येतात. पतिराज म्हणतात, "किती दिवस पोसतं वं त्या शेठले?" तिसऱ्या भागाबद्दल वाचकांनी कळवलं होतं, 'शेठ नाही तर मजा नाही.' पाचव्याबद्दल कळवलं, 'पुन्हा तोच?' ताई विचारतात: तोच खलनायक वारंवार आणणं हा माझा आळस आहे का? तो नायिकेपेक्षा लोकप्रिय होतोय, हे माझं अपयश का? आणि त्याला एकदाचा संपवला तर प्रश्न सुटेल का? पत्राच्या शेवटी, 'याचा इथे संबंध नाही' असं म्हणून त्यांनी आणखी एक लिहिलं आहे. त्यांच्या वडिलांनी घेतलेला एक प्लॉट अशाच दुहेरी विक्रीत अडकला, तो आजही अडकलेलाच आहे.

उत्तर

ताई, नमस्कार.

पत्रासोबत पहिला आणि पाचवा भाग पाठवलात, ते बरं केलं. दोन्ही वाचले. तुमच्या पात्रांची नावं इथे देत नाही. नायिकेला 'बाई' म्हणू, आणि त्याला तुमच्या घरी म्हणतात तसं 'शेठ'च म्हणू.

आधी आळसाचं पाहू. खलनायक परत आला की लेखकाचं डोकं आटलं, असं तुम्ही धरून चालला आहात. तुम्ही नागपूरच्या, तेव्हा मारबत तुम्हाला मी काय सांगणार? पण बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले दोन मोठे पुतळे, निघतात. १८८०च्या दशकापासून ही मिरवणूक चालत आली आहे. गल्ल्या माणसांनी फुलून जातात, 'रोगराई, इडा पिडा घेऊन जा गे मारबत' असा ओरडा होतो, आणि शेवटी तिला जाळतात. पुढच्या वर्षी ती पुन्हा उभी असते. 'मागच्या वर्षीच तर जाळली होती, आता पुन्हा कशाला?' असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मारबत तीच असते, पण तिच्यासोबतचे बडगे, म्हणजे बाप्यांचे पुतळे, दरवर्षी नवे असतात. कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, कधी त्या वर्षी जो कुणी लोकांच्या रागाचा धनी झाला असेल त्याचा. आणि ती रिकाम्या हाताने जात नाही. काही तरी घेऊन जाते, म्हणून तर लोक तिला निरोप द्यायला येतात.

तुमच्या शेठची अडचण इथे आहे. तो वारंवार येतो याचा मला त्रास झाला नाही. तो येतो आणि काहीच न नेता जातो, याचा झाला.

पत्रात तुम्ही पाचही भागांचा गोषवारा दिला आहे. पहिल्यात म्हातारीचा प्लॉट वाचतो. दुसऱ्यात शेठला अटक होते. चौथ्यात तो 'जामिनावर सुटून' येतो आणि पुन्हा पकडला जातो. पाचव्यात पुन्हा तेच, शेवटी 'बघून घेईन' आणि फोन बंद. या सगळ्यात बाईंचं काय गेलं? घर तेच, मैत्रीण तीच, भाचा तोच, गुडघेसुद्धा पहिल्या भागात दुखत होते तितकेच दुखतात. नाव मात्र वाढलं. वाचक 'पुन्हा तोच?' म्हणतो तेव्हा त्याची तक्रार शेठबद्दल नसते. शेठ आला तरी आपल्या बाईंना काही होणार नाही, हे त्याला कळून चुकलेलं असतं. धाकच उरलेला नसतो.

आपल्याकडे पुन्हा पुन्हा येणारा वैरी म्हटलं की मला जरासंध आठवतो. भागवताच्या दशम स्कंधात तो मथुरेवर १७ वेळा चालून येतो, प्रत्येक वेळी २३ अक्षौहिणी सैन्य घेऊन. जावई कंस मारला गेला, अस्ति आणि प्राप्ती या दोन मुली विधवा होऊन माहेरी आल्या, म्हणून तो आला. कारण पक्कं आहे. पहिल्या लढाईनंतर बलराम त्याला बांधायला निघतो आणि कृष्ण सोडायला लावतो. हा पुन्हा सैन्य गोळा करून आणेल आणि पृथ्वीचा भार आपोआप हलका होईल, असा त्यामागे हिशेब आहे. म्हणजे वैरी सुटला तो नायकाच्या निर्णयाने सुटला, पोथी लिहिणाऱ्याच्या सोयीने सुटला नाही. सोडून दिल्याची लाज वाटून तो तप करायला निघतो, वाटेत इतर राजे समजूत घालून त्याला परत फिरवतात. दोन-तीन श्लोकांत त्या माणसाच्या मनात केवढी उलथापालथ!

लिहिणाऱ्याने शिकावं असं आणखी एक तिथे आहे. पहिली लढाई सविस्तर येते. पुढच्या स्वाऱ्या 'असा तो १७ वेळा आला आणि हरला' एवढ्यात आटपतात. सारखीच लढाई १७ वेळा सांगायची नसते, हे त्या कथेकऱ्याला पक्कं ठाऊक होतं. अठराव्या वेळी जरासंध येऊ घातलेला असताना दुसरीकडून कालयवन येतो, आणि तिथे कथा पुन्हा सावकाश होते, कारण या वेळी मथुरा जाते. कृष्ण लोकांना द्वारकेला हलवतो. रणछोड हे नाव कायमचं चिकटतं. पुढे भीमाने जरासंधाला चिरला तरी मथुरेची राजधानी परत मिळत नाही.

तेव्हा तुमच्या वहीत एक पान काढा. डाव्या बाजूला भागाचा क्रमांक, उजव्या बाजूला त्या भागात बाईंकडून कायमचं काय गेलं ते लिहा. पाचही ओळी कोऱ्या राहतील असा माझा अंदाज आहे. सहावी कोरी ठेवू नका. बाईंचं आयुष्यभराचं भांडवल म्हणजे त्यांच्या मोजणीवर लोकांचा असलेला विश्वास. तो एका माणसाच्या मनातून जरी उडाला तरी पुष्कळ आहे. समजा, त्यांनी नोकरीत असताना सही केलेली मोजणी नकाशाची एक जुनी 'क' प्रत शेठने शोधून काढली, आणि तिच्यात खरोखरच चूक निघाली. शेठने काही बनावट केलेलं नाही, चूक बाईंचीच. आता त्या काय करतील? हे मला वाचायला आवडेल.

आता तुमचा शेठ. पहिल्या भागातलं ते पान मी दोनदा वाचलं. एप्रिलची दुपार, हुडकेश्वरकडचा उघडा माळ, चुन्याच्या फक्कीने आखलेले प्लॉट, वाऱ्याने अर्धी फक्की उडालेली. शेठ त्या म्हातारीच्या डोक्यावर स्वतःची छत्री धरून उभा आहे. स्वतः उन्हात. "माय, ऊन लई हाय, पटकन करून टाकू," म्हणत दुसऱ्या हाताने शाईचा पॅड पुढे करतो आणि इसारपत्रावर तिचा अंगठा घेतो. अंगठा पुसायला स्वतःचा रुमालही देतो. अंगावर काटा आला. त्याचा चांगुलपणा खोटा नाही हे त्यात दिसतं. ऊन लागू नये असं त्याला खरंच वाटतं, आणि तिला लुबाडायचंही आहे.

पाचव्या भागात हाच माणूस फोनवर 'हा हा हा' करून हसतो. ताई, हा कोण आणलात? छत्रीवाला माणूस कुठे गेला? पुन्हा पुन्हा येणाऱ्या खलनायकाला खरा धोका हा आहे. प्रत्येक वेळी लेखक त्याला अधिक दुष्ट करायला जातो. आधी प्लॉट, मग खून, मग बॉम्ब. दुष्टपणा वाढतो आणि माणूस पातळ होत जातो. तुमच्या शेठने चौथ्या भागात गुंड पाठवले तेव्हाच तो इतर शंभर खलनायकांसारखा झाला. त्याचं हत्यार गुंड नव्हतंच. आदबशीर बोलणं, वेळेवर चहा आणि स्टॅम्प पेपर, ही त्याची हत्यारं. ती परत द्या त्याला.

दुसरी समजूत अशी की तो बाईंपेक्षा लोकप्रिय झाला म्हणजे तुम्ही हरलात. मला तसं वाटत नाही. 'शेठ नाही तर मजा नाही' म्हणणारा वाचक बाईंना सोडून शेठच्या बाजूला गेलेला नसतो. बाई शेठसमोर उभ्या राहतात तेव्हा त्या जशा दिसतात, तशा त्याला पुन्हा पाहायच्या असतात. तिसऱ्या भागात समोर कुणी तोलाचं नव्हतं, एवढंच झालं. सत्यजित रायांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथा मराठीतही आल्या आहेत, तुम्ही वाचल्या असतील. त्यातला खलनायक मगनलाल मेघराज एवढा प्रसिद्ध, पण तो येतो ३च कथांत. आणि तो फेलूदाला हातही लावत नाही. बनारसच्या गोष्टीत तो फेलूदाच्या मित्राला, लालमोहनबाबूंना, फळीला टेकून उभं करतो आणि एका म्हाताऱ्याला त्यांच्या अवतीभवती सुरे फेकायला लावतो. फेलूदाला नुसतं बघत बसावं लागतं. पुढे काठमांडूच्या गोष्टीत पुन्हा तेच लालमोहनबाबू, या वेळी चहातून एलएसडी. मार दरवेळी मित्राला, अपमान दरवेळी नायकाचा. त्यामुळे मगनलाल नुसता खोलीत आला तरी आपण आधी लालमोहनबाबूंकडे पाहतो. तुमच्या बाईंची मैत्रीण पाच भाग नुसता चहा करते आहे. शेठची नजर तिच्यावर अजून गेलेली नाही, हे नवलच.

तिसरा प्रश्न मारण्याचा. कॉनन डॉयलने १८९३मध्ये होम्सला संपवायला म्हणून मोरिआर्टी जन्माला घातला, आणि त्याच गोष्टीत मारलाही. होम्सच्या एकूण ६० कथा-कादंबऱ्या, त्यांत मोरिआर्टीचं खरं काम २ ठिकाणी. बाकी उल्लेख. तरी होम्सचा जन्माचा वैरी कोण म्हटलं की शाळकरी पोरही त्याचंच नाव घेतं. दुसऱ्या वेळी, १९१४-१५च्या कादंबरीत, तर तो समोर येतच नाही. शेवटी ज्याला वाचवायचं तो माणूस जहाजावरून समुद्रात नाहीसा होतो, आणि हात कुणाचा होता ते आपल्याला कळतं. म्हणजे खलनायक सतत आहे असं वाटायला त्याने सतत हजर असावं लागत नाही. ही गोष्ट तुमच्या संपादकांना जरूर सांगा.

त्याच कादंबरीत डॉयलचा पाय घसरला आहे, तेही सांगते. पहिल्या गोष्टीत वॉटसन म्हणतो, मोरिआर्टीचं नाव कधी ऐकलं नाही. दुसरी घडते त्याच्या आधीच्या काळात, आणि तिथे वॉटसनला तो चांगला ठाऊक आहे! मेलेल्या माणसाला मागच्या काळात नेऊन आणलं की असं होतं. तुम्ही शेठला मारून मग 'तो जिवंत असतानाची गोष्ट' लिहायचा मार्ग पत्रात सुचवला आहे. चालेल. पण कोणाला काय, कधी कळलं याची नोंदवही आधी करा. तुमच्या कथेत तर दस्तांवर तारखा असतात, वाचक लगेच बोट ठेवील.

मारू नका असंही मी म्हणत नाही. बॅटमनच्या १९४०मधल्या पहिल्या अंकात जोकर शेवटी मरणार होता. संपादकाने अडवलं, म्हणून घाईघाईने एक चित्र घालून तो जिवंत दाखवला. तो आज ८० वर्षांनंतरही धंदा चालवतो आहे. संपादकाचं ऐकावं, याचं हे उत्तम उदाहरण म्हणून तुमचे संपादक ते उद्या तुमच्या तोंडावर मारतील. त्यांना एवढंच म्हणा की त्या जगात कुणी म्हातारं होत नाही. तुमच्या बाई होतात. त्यांची पेन्शन आहे, मोतीबिंदू आहे, दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जावं लागतं. अशा जगात वैरी अमर ठेवला तर गोष्ट खोटी वाटायला लागते.

आता तो परत येतो कसा, याबद्दल. इथे तुम्ही हातातली सोन्यासारखी गोष्ट टाकून दिली आहे. 'जामिनावर सुटून' हे दोन शब्द लिहून तुम्ही मोकळ्या झालात. तुम्ही रोज वकिलांच्या शेजारी बसता! साध्या फसवणुकीच्या गुन्ह्यात पोलिसांनी ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल केलं नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. मृत्युदंड, जन्मठेप किंवा १० वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात हीच मुदत ९० दिवस. १ जुलै २०२४पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, तरी ६० आणि ९०चा हा हिशेब तसाच आहे. म्हणजे शेठ तुरुंगातून पळून येत नाही, कुणी त्याला सोडवून आणत नाही. एका तपास अधिकाऱ्याची बदली होते, एक कागद मागे राहतो, आणि एकसष्टाव्या दिवशी शेठ वर्धा रोडच्या कारागृहाबाहेर येऊन पोहे खातो. त्या ६० दिवसांची मोजणी बाई भिंतीवरच्या कालनिर्णयावर करत असतील तर? मोजणीच तर त्यांचं काम. वाचकाला तारीख माहीत आहे, बाईंना माहीत आहे, आणि पोलीस ठाण्यात कुणालाच घाई नाही. यात खलनायक एकदाही समोर न येता तुमची ४ प्रकरणं होतात.

दुसरं म्हणजे कुलमुखत्यारपत्र. ते देणारा मेला की साधारणपणे तो अधिकार संपतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. मेलेल्या माणसाच्या मुखत्यारपत्रावर झालेली विक्री तुमच्या टेबलावरून किती सहज जाऊ शकते, हे तुम्हालाच माहीत. शेठ आत असताना त्याची कागदपत्रं बाहेर काम करत राहू शकतात. मला तर वाटतं, सहाव्या भागात शेठ स्वतः येऊच नये. नवा, तरुण, मोबाइलवर नकाशे दाखवणारा कुणी बडग्या येऊ द्या, त्याच्याशी बाईंचा सामना होऊ द्या, आणि बाईंना आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्लॉटच्या मालमत्ता पत्रकावर, जुन्या फेरफाराची नोंद बघताना ओळखीचा हात दिसू द्या. वाचकाच्या घशात चहा अडकला पाहिजे. मग सातव्यात तो येईल तेव्हा त्याला काही अर्थ येईल.

आणि सातव्यात त्याचा निकाल लावा. मरण, शिक्षा, लकवा, की बाईंच्याच दारात 'माझाच प्लॉट कुणी तरी विकला, बाई' म्हणत येणं, ते तुम्ही ठरवा. शेवटचं मला मोहात पाडतं, पण जपून. लोकप्रिय खलनायक एकदा दारात रडत आला की पुढच्या भागात तो बाईंचा मदतनीस होतो, आणि त्याच्यापुढच्या भागात त्याला विनोदी पात्र व्हावं लागतं. हे होताना मी बऱ्याच मालिकांत पाहिलं आहे. त्याने लुबाडलेल्या माणसांपैकी कुणी तरी त्या वेळी खोलीत हजर असेल, तरच त्याला रडू द्या.

इतर लिहिणाऱ्यांचीही या विषयावर अधूनमधून पत्रं येतात, म्हणून दोन शब्द. तुमचा वाचक तुमच्यापर्यंत कसा पोचतो ते आधी पाहा. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळा पहाड पुन्हा पुन्हा येत, पण एखादी कथा कुठूनही उचलली तरी वाचता यायची. वाचनालयातून जे पुस्तक हाती लागेल ते घरी न्यायचं, असा तेव्हाचा रिवाज होता. अशा वाचकाला चौथ्या भागात 'तुला आठवतं ना, दुसऱ्या भागात काय झालं होतं' म्हणून कसं चालेल? ऑडिओवर ऐकणारा बहुधा पहिल्यापासून ओळीने ऐकत येतो, त्याच्याशी जुनं वैर पुढे चालवता येतं. लहान मुलांसाठी लिहीत असाल तर तोच दुष्ट खुशाल आणा, मुलांना ओळखीचा राक्षस आवडतो, फक्त हरण्याची तऱ्हा दरवेळी वेगळी हवी. रोजच्या दूरचित्रवाणी मालिका लिहिणाऱ्यांना मी सल्ला देत नाही, तिथे निर्णय त्यांच्या हातात नसतो.

ताई, आता त्या 'संबंध नसलेल्या' गोष्टीकडे येते. तुमच्या पत्रात 'त्याला शिक्षा झालीच पाहिजे' हे वाक्य चार वेळा आहे. दर भागात त्याला शिक्षा होते आहे, आणि तरी पुढच्या भागात तुम्हाला ती पुन्हा करावीशी वाटते. मी मानसशास्त्र शिकलेली नाही. पण ज्याने तुमच्या वडिलांचे पैसे घेतले तो माणूस बाहेर मजेत असताना, कथेतल्या माणसाला कायमचा संपवायला तुमचा हात धजत नसेल, तर त्यात नवल नाही. सवडीने स्वतःला एकदा विचारून पाहा. शेठ परत येतो तो वाचकांना हवा म्हणून, की तुमचा हिशेब अजून चुकता झालेला नाही म्हणून? दुसरं असेल तरी लाजायचं कारण नाही. छत्रीचं पान त्यातूनच आलं असणार, ते कल्पनेने सुचत नाही. मात्र तसं असेल तर एक जपा. कथेतल्या शेठचं बोलणं, गाव, व्यवसायाचे तपशील खऱ्या माणसापासून पुरेसे दूर न्या, विशेषतः प्रकरण अजून मिटलेलं नसताना.

आणि प्लॉटचं काम कादंबरीवर सोडू नका. मालकी हक्काच्या आधारे ताबा मागायचा दावा साधारण १२ वर्षांच्या आत लावावा लागतो. नुसतं मालकी जाहीर करून मागायची असेल किंवा करार पुरा करून घ्यायचा असेल, तर मुदत ३ वर्षांची आहे. ती कधीपासून मोजायची हे प्रत्येक प्रकरणात वेगळं असतं. वडिलांकडची पावती, इसारपत्र, विक्रीपत्र असेल तर ते, आणि त्या खसऱ्याचे जुने सातबारे असा गठ्ठा करून दिवाणी वकिलाला दाखवा. ज्यांच्या शेजारी तुम्ही बसता त्यांना दाखवायला संकोच वाटत असेल तर दुसऱ्या कुणाला. इतरांचे दस्त तुम्ही रोज तपासून देता. घरचा गठ्ठा मात्र तुम्ही अजून नीट उलगडूनही पाहिला नसावा, असं पत्र वाचून वाटलं.

संपादकांना आता हो-नाही काही कळवू नका. सहाव्या आणि सातव्या भागाचा दोन पानी आराखडा एकत्र पाठवा, म्हणजे सहाव्यात शेठ का नाही हे त्यांना आपोआप कळेल. पतिराजांना आराखडा दाखवायची गरज नाही. त्यांना पहिल्या भागातलं छत्रीचं पान पुन्हा वाचायला द्या आणि विचारा, याला पोसू की नको.